बत्तिसातले एकतीस

टेनिसच्या एकेरीत बत्तीस खेळाडू उतरतात आणि एकतीस हरतात. बाद पद्धतीचं गणितच तसं आहे, त्यात कुणाचा दोष नाही. प्रश्न उरतो तो पाहणाऱ्यापुढे. जो बहुधा त्या एकतिसांतच असणार, अशा परक्या देशातल्या खेळाडूचा वर्षानुवर्षं मागोवा घेण्यात काय अर्थ आहे? आणि त्या मागोव्याला काही नैतिक बाजू आहे का?

माझ्यापुरता असा खेळाडू म्हणजे इंग्लंडमधल्या डर्बीचा जे क्लार्क. नोव्हेंबर २०१७ मध्ये इथल्या कब्बन पार्कातल्या कोर्टवर बेंगळुरू चॅलेंजरचा अंतिम सामना झाला. वीस वर्षांच्या सुमित नागलनं एकोणीस वर्षांच्या क्लार्कला ६-३, ३-६, ६-२ असं हरवलं. पुढे २०१९ मध्ये हे दोघंही, दीडेक महिन्याच्या अंतरानं, रॉजर फेडररसमोर उभे राहिले: क्लार्क विम्बल्डनच्या दुसऱ्या फेरीत, नागल अमेरिकन ओपनच्या पहिल्या. दोघंही हरले. नागलनं पहिला सेट घेतला होता, म्हणून ती संध्याकाळ आपल्याकडे अजून सांगितली जाते. क्लार्कची दुपार कुणी सांगत नाही. त्याच वर्षी तो पहिल्या दीडशेच्या जवळ पोहोचला आणि मग घसरला. शंभराचा उंबरठा काही त्याला ओलांडता आलेला नाही. तो छोट्या स्पर्धा खेळत राहिला. मी हेब्बाळात बसून फोनवर त्याचे आकडे पाहत राहिलो.

हा उंबरठा किती उंच आहे ते पैशांत कळतं. २०१९ च्या विम्बल्डनमध्ये दुसऱ्या फेरीत हरणाऱ्याला ७२ हजार पौंड मिळाले. सर्वांत खालच्या पायरीवरच्या, पंधरा हजार डॉलरच्या स्पर्धेत आठवडाभर खेळून विजेता ठरलेल्या खेळाडूला दोन हजारांच्या आसपास डॉलर मिळतात. पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला दीडशेच्या आसपास. विमानाचं भाडं, हॉटेल, रॅकेटच्या तारा, फिजिओ हे सगळं ज्याचं त्यानं बघायचं. मिळालेले गुणही बावन्न आठवड्यांनी गळून पडतात, म्हणजे जागेवर राहायचं तरी धावावंच लागतं. २०२३ मध्ये नागलनं जाहीरपणे सांगितलं, की आपल्या खात्यात नऊशे युरो उरले आहेत. तेव्हा तो भारताचा एकेरीतला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता. पुढच्याच जानेवारीत त्यानं ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मानांकित बुब्लिकला हरवलं, आणि लोकांना त्या नऊशे युरोंचीही गोष्ट आवडू लागली. शेवट गोड झाला की मधली उपासमार आपल्याला शोभेची वाटते.

ज्यांची गोष्ट तशी संपत नाही, त्यांच्याकडे आपण कसं पाहतो? एक तयार उत्तर गीतेतून येतं: फळावर नजर ठेवू नकोस. पण हा उपदेश करणाऱ्याला आहे, पाहणाऱ्याला नाही. अर्जुनाला तो रणांगणावर मिळाला. त्यावेळी तो गच्चीत बसून इतरांची लढाई पाहत नव्हता. दुसऱ्याच्या रिकाम्या ओंजळीकडे बघून निष्काम कर्माची थोरवी गाणं फार स्वस्तात पडतं. शिवाय या व्यवसायात फळ टाळताच येत नाही. दर सोमवारी क्रमवारी लागते. ती फळांचीच वही असते आणि पुढच्या आठवड्यात कुठे खेळायला मिळणार ते तीच ठरवते.

दुसरं उत्तर दयेचं. तेही मला पटत नाही. जगात दोनशेवा असणं म्हणजे त्या कामात पृथ्वीवर फक्त एकशेनव्याण्णव माणसं तुमच्यापुढे असणं. दोनशेव्या सर्जनची कुणी कीव करत नाही.

या प्रश्नाची टोचणी लागते ती रात्री आकडे बघताना. कझाकस्तानातल्या किंवा ट्युनिशियातल्या रिकाम्या कोर्टवरचा पहिल्या फेरीचा गुणफलक त्या क्षणी आणखी कोण बघत असतं? बहुतेक करून सट्टा लावणारे. हे थेट गुण सट्टेबाजीच्या धंद्याला विकले जातात. टेनिसमधल्या सचोटीची तपासणी करणाऱ्या स्वतंत्र समितीनं २०१८ मध्ये शिफारस केली होती, की सर्वांत खालच्या स्पर्धांपुरती तरी ही विक्री थांबवावी. सामना हरला की पैसे बुडालेले लोक खेळाडूला, त्याच्या घरच्यांना शिव्या आणि धमक्या पाठवतात. माझ्या आणि त्यांच्या हातातला पडदा एकच, आकडे तेच. फरक फक्त इतकाच, की आम्हाला त्या माणसाकडून काय हवं आहे.

सट्टेवाल्याला पैसे हवेत. राष्ट्रभक्ताला झेंडा हवा. उपदेशकाला दाखला हवा. तिघांनाही खेळाडू कशासाठी तरी लागतो. क्लार्क माझ्या देशाचा नाही, माझे पैसे त्याच्यावर नाहीत. त्याच्या हरण्यातून मुलांना सांगण्याजोगं तात्पर्य काढायचा मोह होतो, तोही आवरायला हवा. एवढं सगळं काढून घेतल्यावर जे उरतं ते नुसतं लक्ष देणं. दुसऱ्या सेटमध्ये ब्रेक गमावून तो परत मिळवला, हे घडलं आणि कुणीतरी ते पाहिलं.

एवढ्याला काही किंमत आहे का? मी राहतो त्या हेब्बाळात २०१८ मध्ये एक वीरगळ सापडला. गंग राजा श्रीपुरुषाच्या काळातला, इसवी सन ७५० च्या सुमाराचा. राष्ट्रकूटांच्या स्वारीत लढताना पडलेल्या कित्तय्याचं नाव त्यावर आहे. आपल्याकडेही गावोगावी, देवळाच्या मागे, पारावर वीरगळ शेंदूर फासून उभे असतात. ती लढाई जिंकली की हरली याची नोंद करणं हे त्या दगडाचं काम नसतं. हा माणूस इथे उभा राहिला, एवढंच तो सांगतो. अर्थात कित्तय्या गावासाठी मेला. टेनिसपटू कुणाचं गाव वाचवत नाही, त्यामुळे त्याच्या नावानं दगड मागण्यात अर्थ नाही. पण दगड घडवणाऱ्यांना एक गोष्ट कळली होती: निकाल आणि माणूस या दोन वेगळ्या नोंदी आहेत, आणि दुसरी नोंद कुणीतरी मुद्दाम ठेवावी लागते. पहिली आपोआप राहते.

चॅलेंजरच्या आठवड्यात देवनहळ्ळी विमानतळावर उतरलेले खेळाडू हेब्बाळच्या उड्डाणपुलावरूनच शहरात येतात. पुढचा सोमवार-मंगळवार पहिल्या फेरीचा असतो आणि बाजूच्या कोर्टांवरच्या खुर्च्या रिकाम्या असतात. अंतिम सामन्याला गर्दी होतेच, तिथे माझी गरज नसते. मी मंगळवारी सकाळी जातो.