खाटेशेजारचं शिक्षण

वैद्यकाची पदवी महाविद्यालय देतं, पण डॉक्टर घडतो तो रुग्णाच्या खाटेशी. पेनसिल्व्हेनियाला हे फार लवकर उमगलं होतं. डॉ. थॉमस बाँड आणि बेंजामिन फ्रँकलिन यांच्या खटपटीने १७५१ मध्ये फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलची स्थापना झाली. १७६५ मध्ये त्याच शहरात अमेरिकी वसाहतींतली पहिली वैद्यकशाळा निघाली आणि पुढच्याच वर्षी बाँड यांनी रुग्णालयात विद्यार्थ्यांसाठी व्याख्यानं सुरू केली. नुसतं वाचून रोग ओळखता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

म्हणूनच पुढे जे घडलं ते मला अधिक बोचतं. १८५० मध्ये याच शहरात, क्वेकर मंडळींच्या पाठबळाने, स्त्रियांसाठी वैद्यकीय महाविद्यालय उघडलं. विरोधकांना त्याला टाळं ठोकण्याची गरजच नव्हती. वॉर्डाचा दरवाजा बंद ठेवला की काम भागत होतं. १८५८ मध्ये तिथल्या वैद्यकीय संघटनेने स्त्री-डॉक्टरांशी आणि त्यांना शिकवणाऱ्यांशी व्यावसायिक सल्लामसलतही अमान्य ठरवली. म्हणजे पदवी घ्या, पण रुग्ण पाहू नका.

या महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीतल्या अ‍ॅन प्रेस्टन यांनी नेमकी ही मेख ओळखली. अर्जविनंत्यांवर विसंबून न राहता त्यांनी वर्गणी जमवली आणि १८६१ मध्ये स्त्रियांचं स्वतंत्र रुग्णालयच उभं केलं. एमेलिन क्लीव्हलँड यांना प्रसूतिशास्त्र शिकायला पॅरिसला पाठवलं. मला प्रेस्टन यांचं हे शहाणपण धैर्याइतकंच मोलाचं वाटतं. जुन्या रुग्णालयाचा नादही त्यांनी सोडला नाही. नोव्हेंबर १८६९ मध्ये त्यांच्या विद्यार्थिनी पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमधल्या पाठाला गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी आरडाओरडा केला, कागदाचे बोळे फेकले, तंबाखूच्या पिंका टाकल्या. मुली जागच्या हलल्या नाहीत. वर्तमानपत्रांत गोष्ट गाजली आणि रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी त्यांचा प्रवेश कायम ठेवला.

आनंदीबाई जोशी शिकल्या त्या याच महाविद्यालयात. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली, ती या झगड्याने मोकळ्या झालेल्या वाटेवर. त्यानंतर कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात त्यांची नेमणूक झाली तीही स्त्रियांच्या वॉर्डावर. फिलाडेल्फियाच्या त्या वैद्यकीय संघटनेत तोवर एकही स्त्री नव्हती. पहिलीला प्रवेश मिळाला तो १८८८ मध्ये.