वळून पाहणें



होरेब डोंगराजवळ मोशे मेंढरें चारीत असतां एक झुडूप जळतांना दिसलें, पण तें भस्म होईना, ही कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु तींतील एका बारीक गोष्टीकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. मोशे तें पाहावयास वाट सोडून वळला. आणि तो वळला हें पाहून मग देवानें त्यास हांक मारली. आधीं वळणें, मग वाणी. तो मेंढरें हांकीत तसाच पुढें गेला असता तर?

आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर घ्या. काळ्या खडकांतील तो खळगा सुमारें १.८ किलोमीटर रुंद आहे. पुष्कळ वर्षें अनेक विद्वान त्यास ज्वालामुखीचें मुख समजत. मग १९७३ सालीं फ्रेडरिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तेथील दगड बारकाईनें तपासून प्रसिद्ध केलें कीं, प्रचंड आघातानेंच होतें असें कांचरूप खनिज त्यांत आहे. आकाशांतून पडलेल्या अशनीनें हा खळगा झाला, याची साक्ष अशा लहानशा कणांनीं दिली.

पुढें २०२० सालच्या जून महिन्यांत त्याच सरोवराचें पाणी गुलाबी झालें. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें तें तपासलें, तेव्हां खाऱ्या पाण्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग असल्याचें कळलें. वर्तमानपत्रांत बातमी आली. सर्वांस नवल वाटलें. तें योग्यच होतें. पण आपल्या पऱ्हाटीचें फूल पाहा. उमलतें तेव्हां फिकट पिवळसर असतें. दुसऱ्या दिवशीं तेंच गुलाबी होतें, मग सुकतें, आणि त्याच्या मागें बोंड धरतें. हें दरवर्षीं आपल्या शेतांत घडतें, पण त्याची बातमी कोणी देत नाहीं. नवल थोडें म्हणून नव्हे, तर तें रोजचें म्हणून!

कोणी म्हणेल, “पाळकसाहेब, ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्यानें फुलें काय पाहावीं?” हा प्रश्न खरा आहे, व त्यास हलकें उत्तर देऊं नये. परंतु प्रभूनें रानांतील फुलांकडे व आकाशांतील पाखरांकडे बोट दाखविलें तें कोणाला? सुखवस्तु लोकांना नव्हे. काय खावें व काय पांघरावें या चिंतेंत असलेल्यांनाच. फूल पाहिल्यानें कर्ज फिटत नाहीं. तथापि, आपण पेरलें पण वाढविणारा दुसरा आहे, एवढें तें सांगतें. आणि ज्याला हें ऐकूं येतें तो चिंतेंतहि एकटा नसतो.

आणखी एक गोष्ट मला लाजेनें सांगितली पाहिजे. आमच्या मंडळींतील एक बंधु तीन रविवार उपासनेस आला, पण गाइला नाहीं. मी व्यासपीठावरून त्याच्याकडे पाहत होतों, पण मला तो दिसला नाहीं. चौथ्या रविवारीं तो आलाच नाहीं. मग कळलें कीं त्यानें बैलजोडी विकली होती. त्या दिवशीं मीं देवाच्या करुणेवर उपदेश केला होता! श्रीमंत मनुष्याच्या दाराशीं लाजार पडलेला होता. त्या श्रीमंतानें त्याला मारलें, असें शास्त्र म्हणत नाहीं. जवळच असलेल्याची त्यानें दखल घेतली नाहीं, एवढाच त्याचा दोष. आणि तो पुरेसा झाला.

म्हणून लक्ष देणें ही केवळ करमणूक नव्हे. तें प्रीतीचें पहिलें पाऊल आहे. जो फुलाचा बदललेला रंग पाहावयास शिकतो, त्यास शेजाऱ्याच्या चेहऱ्याचा उतरलेला रंगहि दिसूं लागतो. आपण सृष्टीची पूजा करीत नाहीं. पण निर्माणकर्त्याचें काम न पाहतां त्याचे आभार तरी कसे मानावे?

तर या आठवड्यांत एवढें करा. रात्रीं कुटुंबाची प्रार्थना होईल तेव्हां, लेंकरांपासून आजीपर्यंत प्रत्येकानें त्या दिवशीं पाहिलेली एक वस्तु सांगावी व तिच्याबद्दल उपकार मानावे. मग एका मनुष्याचें नांव घ्यावें, ज्याच्याकडे आज नीट पाहिलें. आणि नांव आठवलें नाहीं, तर उद्यां सकाळीं वाट सोडून वळावें.