आपल्याले कायची मंदी?



आपल्या वस्तीत एक वाक्य मिठासारखं घरोघरी सापडतं. "आपल्याले कायची मंदी? आपण तं मंदीतच जलमलो." बोलणारा हसतो, ऐकणारा हसतो, बिडी पेटते आणि विषय संपतो.

मला या वाक्याची भीती वाटते. मालकाच्या वाक्याला, ठेकेदाराच्या वाक्याला, भटजीच्या वाक्याला उत्तर कसं द्यायचं हे आपण बाबासाहेबांकडून शिकलो. आपल्याच म्हाताऱ्यांच्या वाक्यांना उत्तर द्यायचं मात्र राहून गेलं. ते वाक्य मायेचं असतं, छातीवर झेललेलं असतं. त्याला खोटं म्हणणं म्हणजे बापाला खोटं म्हणणं. तरी ते तपासून पाहिलं पाहिजे, कारण त्या वाक्यावर आपल्यापेक्षा दुसऱ्यांचंच जास्त भागतं.

सिंदी मेघेत आमच्या गल्लीत एक मामाजी आहेत. सत्तरी उलटली, चाळीसच्या वर वर्षं इथंच गेली. ते आले तेव्हा आजूबाजूला वावरं होती. आता वर्धा सरकत सरकत येऊन अंगावर बसलं आहे. कागदावर ग्रामपंचायत, डोळ्याला शहर. मामाजींनी १९७२ च्या दुष्काळात मिसरूड फुटायच्या वयात खडी फोडली, सुकडी खाल्ली. मग जिनिंगमध्ये गाठोडी उचलली, मग गिरणीत बदली कामगार, मग गिरणी थांबली तेव्हा हमाली, आणि शेवटी एका बंगल्यावर रात्रीची चौकीदारी. अर्थशास्त्राची पुस्तकं लिहिणाऱ्यांनी मंदी आकड्यांत पाहिली असेल, या माणसाने ती पाठीवर मोजली आहे. म्हणून त्यांचं ऐकायचं. पण ऐकायचं म्हणजे मान डोलवायची, असं नव्हे.

२४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता सांगितलं आणि बारा वाजता देश बंद. त्या एप्रिल ते जूनमध्ये देशाचं उत्पन्न आदल्या वर्षापेक्षा सुमारे २४ टक्क्यांनी घसरलं, असं सरकारनेच नंतर छापलं. सिंदी मेघेत ही घसरण कशी दिसली? आपल्या भोवती सावंगीचं मेडिकल, सेवाग्रामचं मेडिकल, टेकडीवरचं हिंदी विद्यापीठ. बाहेरगावची पोरं बॅगा घेऊन निघून गेली. खोल्या रिकाम्या झाल्या, मेस बंद झाल्या. मेस बंद म्हणजे पोळ्या लाटणाऱ्या बाया घरी, भांडी घासणाऱ्या घरी, भाजी पोहोचवणारा घरी, ऑटोवाला घरी. घरमालकाचं भाडं बुडालं, त्याने हळहळ केली. त्याचं दुःख खोटं नव्हतं. पण त्याच्याकडे खोली उरली. पोळ्या लाटणाऱ्या बाईकडे काय उरलं? लाटणं.

मामाजी तेव्हा एक गोष्ट बोलले ती मी लिहून ठेवली आहे. "ज्याच्यापाशी हाय त्यालेच उसनं भेटते, बाबू. ज्याच्यापाशी काईच नाई त्याले दुकानदार वयखतच नाई." किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीत पहिलं पान नोकरदाराचं. त्याचा पगार येणार हे दुकानदाराला ठाऊक. मजुराचं पान आठ दिवसांत बंद. म्हणजे ज्या दिवसांत उसन्याची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवसांत उसनं सगळ्यात आधी आटतं, आणि तेही गरजवंताकडूनच. मामाजींच्या तोंडची ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा. एक म्हणतं आपल्याले कायची मंदी, दुसरं म्हणतं मंदी सगळ्यात आधी आपल्याच पानावर येते. दोन्ही खरी कशी असतील?

पहिल्या वाक्यात एक हिशेब लपलेला आहे. जो जमिनीवर निजतो तो पलंगावरून पडत नाही, हा तो हिशेब. ऐकायला चोख. पण जमिनीच्या खाली विहीर असते हे त्यात धरलेलं नाही. ज्यांच्याजवळ काही नाही असं आपण स्वतःबद्दल म्हणतो, त्यांच्याजवळ तीन पिढ्यांत जमवलेलं पुष्कळ काही असतं. आजी अडाणी, आई चौथी पास, पोरगी दहावीत. हीच आपली ठेव. बँकेत दिसत नाही म्हणून ती नाही, असं नाही.

आमच्याच ओळीत एक पोरगी तेव्हा दहावीत गेली होती. शाळा मोबाईलवर आली. घरात मोबाईल एक, शिकणारी तिघं, आणि बाप काम मिळालं तर तोच मोबाईल घेऊन बाहेर. भावांचं कसंबसं भागलं. पोरीचं सुटलं. पुढच्या मोसमात ती आईबरोबर कापूस वेचायला गेली, किलोमागे पैसे. पुढे बाजार उघडला, मेस सुरू झाल्या, खोल्यांना भाडेकरू आले. वर्तमानपत्रांनी लिहिलं, अर्थव्यवस्था सावरली. पोरगी वर्गात परत आली नाही. ज्याचं पैशांनी नुकसान होतं त्याला पुढचं बरं वर्ष भरपाई देतं. ज्याचं वर्षच जातं त्याला कोण भरपाई देणार? मंदी धनवानाकडून पैसा नेते, आपल्याकडून काळ नेते. म्हणून मी म्हणतो, मंदीत जन्मलेल्यालाच मंदी जास्त लागते. सवय झाली म्हणजे जखम भरली, असं कुठल्या डॉक्टरने सांगितलं?

आणि सवयीची ही भाषा दुसऱ्यांच्या तोंडी ऐकली आहे का? मी ऐकली आहे. आम्ही काही पोरं कामावरून बसवली गेलो तेव्हा माणसं पुरवणारा हसत म्हणाला, "तुमचं काय रे, तुम्ही कुठंही राबता." तो आणि मामाजी एकच गोष्ट बोलत होते. मामाजींच्या तोंडी ती ताठ मान होती, त्याच्या तोंडी ती सोय होती. आपण आपलं दुःख हसून झटकतो तेव्हा ते खाली पडत नाही, दुसरा कोणीतरी ते उचलून आपल्याविरुद्ध दाखल करतो.

आता कठीण प्रश्नाकडे येतो. काम कमी पडलं तर आधी कोणी जायचं?

कायद्याचं उत्तर आहे, शेवटी आलेला आधी जाईल. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हा नियम पुढे दुरुस्तीने घातला गेला, आणि त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही तो ठेवला. नियम दिसायला सरळ आहे. त्यात जात नाही, धर्म नाही, साहेबाची मर्जी नाही. रांग आहे, रांगेत जो मागे तो बाहेर. यात अन्याय कुठे?

अन्याय रांगेत नाही. रांग लागायच्या आधी दारावर जे झालं त्यात आहे. १९२८ साल घ्या. त्या वर्षी शेजारच्या वर्ध्यात जमनालाल बजाजांनी लक्ष्मीनारायणाचं मंदिर अस्पृश्यांना उघडं केलं. देशभर त्याचं कौतुक झालं. त्याच वर्षी मुंबईत गिरण्यांचा मोठा संप चालला होता आणि बाबासाहेब संपाच्या पुढाऱ्यांना विचारत होते, विणकाम खातं आमच्या माणसांना बंद का? धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याचं तोंड लागलेल्या धोट्याला बाकीचे कामगार हात लावायला तयार नव्हते. विणकामात पगार जास्त. आपली माणसं कमी पगाराच्या सूतकताईत. देवाचं दार उघडलं आणि मागाचं दार बंद राहिलं. देवाच्या दारातून आत जाऊन पगार वाढत नाही, हे कोणी बोललं नाही. आणि माग बंद करणारा तेव्हा मालक एकटा नव्हता, लाल बावट्याखाली शेजारी उभा असलेला कामगारही होता, हेही विसरू नका.

ज्याला उशिरा आत घेतलं तो रांगेत कायम मागे. मग मंदी येते आणि नियमाने, अगदी निर्मळ हाताने, मागच्याला बाहेर काढते. कोणी जात विचारली नाही. विचारायची गरजच उरली नव्हती, कारण ती तारखेत उतरली होती. बापाच्या रुजू होण्याच्या तारखेत, आणि त्याच्या ओळखीवर चिकटलेल्या पोराच्या तारखेत.

मग नियम मोडून टाकायचा? मी स्वतः गिरणीत रिंग फ्रेमवर काम करतो, वयाने लहान, रांगेत मागे. नियम माझ्या विरोधात आहे. तरी मी तो मोडा म्हणणार नाही. नियम गेला तर त्या जागी न्याय येणार नाही, सुपरवायझर येईल. मग ज्याचा मामा जॉबर तो राहील, ज्याचं आडनाव सांगताना अडखळायला होतं तो जाईल. आणि माझ्या शेजारी वीस वर्षं उभा असलेला, दुसऱ्या जातीचा, दम्याने खोकणारा माणूस माझ्याऐवजी घरी जावा, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? त्याच्या घरीही चूल आहे. मागच्या अन्यायाची वसुली त्या एकट्या माणसाकडून करायची, तर आपणही सावकारच झालो.

मला वाटतं मुळात प्रश्नच चुकीचा विचारला जातो. "आधी कोणी जायचं?" असं विचारलं की कामगार कामगाराकडे बघू लागतो. काम पाच दिवसांचंच उरलं असेल तर ते सगळ्यांत का वाटू नये? चारशे माणसांनी आठवड्याला एक दिवस कमी भरावा, साठ-सत्तर माणसांचा आठवडाच का बुडावा? यात वरच्या लोकांचा दिवस जाईल, त्यांच्या युनियनला ते आवडणार नाही. पण युनियन जर फक्त रांगेच्या पुढच्या टोकाची असेल, तर तिने झेंडा मोठा ठेवून काय उपयोग? १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आमच्यातले काही पहिल्याचंच नाव घेतात, काही डावे मित्र दुसऱ्याचंच. हजेरीपटावर मात्र दोघं एकाच पेनाने सही करतात.

शिवाय आपली बरीच पोरं रांगेतच नाहीत. ठेक्यावर आहेत. थोडे महिने भरले की ब्रेक, मग नव्याने भरती, म्हणजे तारीख पुन्हा पहिल्यापासून. अशी दहा वर्षं काम केलेला माणूस कागदावर कालच आलेला असतो. त्याला काढलं असंही म्हणायचं नाही, फक्त पुढच्या महिन्यात बोलावलं नाही. आणि नव्या संहितेने कामगार कपातीला सरकारची परवानगी घेण्याची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर नेली आहे. लहान कारखान्यात आता विचारायचं कोणी कोणाला?

आपल्या जिल्ह्याचं एक वेगळं दुखणं आहे, तेही बोलून टाकतो. मंदी आली की वर्ध्यात साधेपणाचं पीक येतं. गांधीजी १९३६ मध्ये शेगावला येऊन राहिले, १९४० मध्ये त्या गावाचं सेवाग्राम झालं, आणि तेव्हापासून इथं मातीची भिंत पाहायला लोक मोटारीने येतात. कमी गरजा, कमी खर्च, संतोष. मामाजींच्या घराची भिंतही बरीच वर्षं मातीची होती. ती पाहायला कोणी आलं नाही. फरक काय? एकाने गरिबी निवडली, दुसऱ्याला गरिबीने निवडलं. निवडणाऱ्याला परतीचा रस्ता मोकळा असतो, म्हणून त्याच्या उपाशी राहण्याला तेज येतं. बाबासाहेबांनी १९५० मध्ये महाबोधीच्या नियतकालिकात बुद्ध धम्माच्या भवितव्यावर लेख लिहिला. त्यात धर्माच्या कसोट्या सांगताना ही एक कसोटी ठेवली, की धर्माने दारिद्र्याला पवित्र ठरवू नये. ज्याच्याजवळ आहे त्याने सोडलं तर ती गोष्ट चांगली असू शकेल, पण दारिद्र्य चांगलं कधीच नाही. हे वाक्य आपण भिंतीवर का लिहीत नाही?

आणि बुद्धाचं काय? दीघनिकायातलं कूटदंत सुत्त काढून वाचा. राज्यात चोऱ्या माजल्या आहेत आणि राजाला मोठा यज्ञ करायचा आहे. त्याचा पुरोहित सांगतो, नवे कर लादू नकोस, फासावर चढवून चोर संपणार नाहीत. शेती करणाऱ्याला बी दे, व्यापार करणाऱ्याला भांडवल दे, चाकरी करणाऱ्याला वेतन दे. पोटाला कमी खा, असा उपदेश त्यात नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट आपल्या विहारात परित्राणासारखी वाचली गेली पाहिजे, आणि मग तिच्यावर भांडण झालं पाहिजे.

फुकट धान्याबद्दल. एप्रिल २०२० पासून माणशी पाच किलो जादा धान्य मिळालं. ते नसतं तर आपल्या कित्येक चुली विझल्या असत्या, म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही. पण १९७२ मध्ये याच महाराष्ट्रात, दुष्काळात, लोक फक्त धान्य मागत नव्हते, काम मागत होते. त्यातून रोजगार हमी आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि २००५ मध्ये देशाला तसाच कायदा करावा लागला. काम मागणारा माणूस सरकारच्या टेबलासमोर उभा राहून विचारतो, का नाही? पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला पिशवीवरचा फोटो बघावा लागतो. मामाजी म्हणतात, "खडी फोडून हात फाटले, पण कोणाचं नाव घ्या नाई लागलं." मंदीत जन्मलो असं सांगणारा माणूसच हे सांगतो. त्याला काय हवं होतं ते त्याला नीट माहीत होतं.

म्हणून पोरांनो, जयंतीच्या वर्गणीच्या वहीबरोबर आणखी एक वही ठेवा. कोणाचं काम कधी सुटलं, ब्रेक कधी दिला, कोणाची शाळा कोणत्या महिन्यात सुटली, दुकानाची उधारी कोणत्या तारखेला बंद झाली. आमच्या गल्लीत सुरुवात केली आहे. आत्तापर्यंत तीन घरांतून हजेरीचे जुने कागद निघाले. एकाजवळ नऊ वर्षांची गेटपासं आहेत, रबरबँडने बांधलेली, आणि प्रत्येकावर रुजू होण्याची तारीख वेगळी आहे.