मत की व्रत?

शहरातील एकदाच वापरून फेकायचे कप, डबे, पिशव्या कमी व्हाव्यात का, असे कोणी विचारले तर आपण काय म्हणाल? बहुधा "हो"च म्हणाल. मीही म्हणतो. आणि त्याच संध्याकाळी पार्सल घेऊन घरी येतो.

मुंबईचेच पाहा. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर गटारे तुंबवणाऱ्या पिशव्यांविषयी सगळे पोटतिडकीने बोलत होते. २३ जून २०१८ पासून राज्यात प्लास्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्या गुन्ह्यासाठी ५,००० रुपये दंड ठरला. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे कप, चमचे, ताटल्या, स्ट्रॉ यांवर देशभर बंदी आली. तरीही भाजीवाल्याकडे "एक पिशवी द्या ना" म्हणणारे आपण आहोतच. कायदा आहे, लोकांचे मतही आहे. मग कमी काय पडते?

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. हिशेबाचा एक नियम आम्ही अगदी सुरुवातीला शिकतो: घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याला जमा. सोय मी घेतली, तर ती माझ्या नावे लिहिली जायला हवी. प्रत्यक्षात ती सफाई कामगाराच्या, देवनारच्या कचराभूमीशेजारी राहणाऱ्या मुलाच्या, उकिरड्यावर पिशवी चघळणाऱ्या गाईच्या नावे पडते. त्यांचे मत कोणी विचारलेले नसते.

मागच्या महिन्यात सत्संगानंतरच्या चहासाठी कप आणण्याची सेवा माझ्याकडे होती. मी कागदी कप आणले आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. एका काकूंनी एक कप पाण्यात भिजवून हळूच सोलला. आत प्लास्टिकचा पातळ थर होता. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "पुढच्या वेळी स्टीलचे पेले काढू. धुवायला मी थांबेन."

त्यांचे आणि माझे मत एकच होते. फरक इतकाच, की त्यांनी मतासोबत आपला अर्धा तास दिला. मत द्यायला काही लागत नाही. व्रताला स्वतःचे काहीतरी द्यावे लागते.

एक सावधगिरी मात्र हवी. व्रत स्वतःसाठी असते, दुसऱ्याला मोजण्यासाठी नाही. टपरीवाल्याकडे पेले विसळायला पुरेसे पाणी नसते, आणि दंड भरायची वेळ आली की तो त्यालाच भारी पडतो. त्याला उपदेश करणे सोपे आहे. आपला पेला त्याच्यापुढे धरणे अधिक उपयोगाचे आहे. ज्याच्याकडे निवड करण्याची मोकळीक आहे, त्याने आधी सुरुवात करावी, हेच न्यायाचे.

तर उद्या बाहेर पडताना पिशवीत एक पेला ठेवून पाहू या. विसरलो तर त्या दिवशी चहा तिथेच बसून, काचेच्या ग्लासातून घेऊ. दहा मिनिटे जातील. ती आपल्या नावे लिहू.