उपकार की देणे?

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली स्त्री हल्ली फार दिवस रुग्णालयात राहात नाही. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये काय किंवा अन्यत्र काय, प्रकृती स्थिर दिसली की काही दिवसांतच तिला घरी पाठवितात. पुष्कळदा काखेखालची नळी आणि तिला जोडलेली स्राव साठविण्याची बाटली तशीच ठेवून. तो स्राव रोज मोजून वहीत लिहावयाचा, चोवीस तासांत तो साधारणपणे ३० मिलिलिटरच्या खाली आला म्हणजे डॉक्टर नळी काढतात. जड वस्तू काही आठवडे उचलावयाची नाही; हात मात्र सांगितलेल्या व्यायामाप्रमाणे हलवीत राहावयाचा. शल्यविशारदाचे काम येथे बहुतांशी संपते आणि घराचे सुरू होते. घराचे काम आजवर जिने केले तीच नेमकी खाटेवर असते, ही यातली खरी अडचण.

आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी घरोघर जाताना एक वाक्य हमखास कानी पडते: "फादर, आम्ही तिला काडीसुद्धा उचलू देत नाही." ते प्रेमाने उच्चारलेले असते यात शंका नाही. भेटीस आलेल्या शेजारणीही मान डोलावतात, "नशीबवान गं बाई, किती करतात घरातली माणसं!" नवऱ्याने महिनाभर स्वयंपाक केला तर आळीभर त्याची वाखाणणी होते, तिने तीस वर्षे केला त्याची नोंद कोणत्याच वहीत नसते. मग प्रश्न असा की, या स्त्रीला मिळणारी विश्रांती हा तिच्यावरचा उपकार, की तिचे देणे?

ज्याचे त्याला देण्याची अढळ इच्छा म्हणजे न्याय, असे संत थॉमस अक्वायनस मानतात. औदार्याचा विचार त्यानंतरचा. दिवसभर राबलेल्या मजुराच्या हातावर मजुरी ठेवताना "घे, तुला बक्षीस" असे म्हणणारा मालक उदार ठरत नाही. तो मजुराचा हक्क खोडून टाकतो. आजारी पत्नीची सेवा करून तिच्याकडून कृतज्ञतेची अपेक्षा करणारा पतीही, नकळत का होईना, तेच करतो. (आणि मीठ किती घालू, डाळीचा डबा कुठे आहे, हे विचारण्यासाठी तिला घटकेघटकेला जागे करणे याला विश्रांती म्हणत नाहीत, हेही पुरुषवर्गाने ध्यानी घ्यावे.)

परंतु हा युक्तिवाद येथेच थांबविला तर तो घातक ठरेल. विश्रांती ही कष्टांची परतफेड असेल, तर जिने कष्टच केले नाहीत तिचे काय? वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेली अविवाहित आत्या, लग्न होऊन सहाच महिने झालेली सून, यांच्या खात्यावर काही जमा नाही म्हणून त्यांना काही देणे लागत नाही काय? अक्वायनस यांनीच अन्यत्र एक धाडसी विचार मांडला आहे. पराकोटीच्या गरजेत सापडलेल्या माणसाने जगण्यापुरते दुसऱ्याचे घेतले तर ती चोरी होत नाही, कारण अशा वेळी ती वस्तू गरजेमुळेच त्याची झालेली असते. याचा अर्थ, गरज स्वतःच हक्क निर्माण करते. खाटेवरच्या स्त्रीला तीस वर्षांचा हिशेब दाखविण्याची गरज नाही. जखम आहे, एवढे पुरे.

हे घरच्यांना पटविणे एक वेळ सोपे. तिला पटविणे कठीण. गाऊनच्या आत बाटली टाचून, वर शाल पांघरून पाहुण्याच्या चहासाठी उठणाऱ्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. लेकीने हाताला धरून परत बसविले, तर आतून सूचना चालूच: "आलं ठेच, नुसतं टाकू नको." प्रभूने पाय धुण्यास आरंभ केला तेव्हा पेत्रही असाच मागे सरला होता. काहीजण याला अहंकार म्हणतात. मला ते मान्य नाही. उपयोगी पडणे हीच जिची घरातली ओळख, तिला ती ओळखही शस्त्रक्रियेत गेली असे वाटते. शरीराचा एक भाग गेल्याचे दुःख आरशापुढे एकटीने सोसावयाचे, आणि त्यात हे. भेटीस येणाऱ्यांनी तरी "देव आपल्या लाडक्यांनाच क्रूस देतो" हे वाक्य उंबऱ्याबाहेर ठेवावे. स्वतःच्या वेदनेविषयी ते म्हणण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे. दुसऱ्याच्या वेदनेविषयी नाही.

सेवेच्या नावाखाली तिला बाहुलीसारखे निजवून ठेवणे हाही अन्यायच. काखेतल्या ग्रंथी काढल्यावर खांदा आखडतो, म्हणून बोटांनी भिंत चढण्याचा व्यायाम सांगतात. एका घरी नातवाने पेन्सिलीने भिंतीवर रोजच्या उंचीची खूण करून शेजारी तारीख घातली होती. त्या घरात तिला कोणी "बिचारी" म्हणताना मी ऐकले नाही.

टाके निघाले की बहुतेक घरांत हिशेब मिटतो. फॅनी बर्नी या इंग्रज लेखिकेची अशीच शस्त्रक्रिया ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमध्ये, भूल देण्याचे शास्त्र जन्मण्यापूर्वी, तिच्या राहत्या घरी झाली. ती पुढे १८४० पर्यंत जगली. परंतु घडलेली हकीकत बहिणीला कळविण्यासाठी तिने लेखणी हाती घेतली ती सुमारे सहा महिन्यांनी, आणि ते एक पत्र पुरे करण्यास तिला आणखी काही महिने लागले. जखम भरण्याचा काळ आणि मन सावरण्याचा काळ एक नसतो. शरीराचेही तसेच: ग्रंथी काढलेल्या बाजूचा हात काही महिन्यांनीच काय, काही वर्षांनीही सुजू शकतो. तोवर पाहुणे थांबलेले असतात, मिस्सेत नाव घेऊन होणारी प्रार्थना थांबलेली असते, आणि मोरीतला भरलेला हंडा पुन्हा तिच्या वाट्याला आलेला असतो. तो कोणी उचलावयाचा, हे त्या घराने अजून ठरविलेले नसते.