मोकळे हात कोणाचे?

लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत सोन्या-चांदीचे जडावकाम केलेली पितळेची एक पिशवी आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभी इराकमधील मोसूल येथे ती घडवली गेली, असे मानले जाते. तिच्या झाकणावर दरबाराचे दृश्य कोरलेले आहे. त्यात एक उच्चकुलीन स्त्री बसली आहे आणि तशीच एक पिशवी शेजारच्या सेवकाच्या खांद्याला लटकते आहे. मालकिणीचे हात मोकळे आहेत.

वाचकहो, आज आपल्याकडील निकाह-वलीम्यांत मिरवणारी क्लच बॅग हिच्याच कुळातली. पण तिला बहुधा पट्टा नसतो. ती मुठीत धरावी लागते. तिच्यात मोबाईल आणि रुमाल मावला तरी पुष्कळ! ती हाती असली की जेवणाचे ताट आणि कडेवरचे मूल एका वेळी सांभाळता येत नाही. मग कोणीतरी दुसरे लागते.

म्हणून ती निषिद्ध ठरवावी काय? नाही. अल्लाहने आपल्या दासांसाठी निर्माण केलेली शोभा हराम कोणी केली, असा प्रश्न पवित्र कुरआन सूरह अअराफमध्ये विचारतो. चांगला पोशाख, चांगली पादत्राणे आवडणे हा अहंकार आहे काय, या शंकेवर प्रेषित (स.) यांनी दिलेले उत्तर सहीह मुस्लिममध्ये आहे: अल्लाहला सौंदर्य प्रिय आहे, सत्य नाकारणे आणि लोकांना तुच्छ लेखणे म्हणजे अहंकार. तेव्हा दोष जरदोजीच्या टाक्यात नाही. समोरच्या भगिनीच्या हातातील साध्या कापडी पिशवीवर आपली नजर कशी पडते, आणि आपले मूल ज्या गरीब नातलग मुलीकडे तासभर सोपवले तिच्या जेवणाची आठवण कोणाला राहते, तेथे तो शोधावा.

पुरुषांविषयीही एक शब्द. आमच्या कुर्त्याला, शेरवानीला खिसे असतात. म्हणून स्त्रियांच्या पिशव्यांवर टीका करणे आम्हांस सोपे जाते. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात झगे तलम झाले, त्यांच्या आत बांधायचे खिसे मावेनासे झाले आणि स्त्रियांच्या हाती रेटिक्यूल नावाचा बटवा आला. आपल्या लेकीबाळींच्या समारंभी पोशाखांनाही क्वचितच खिसा असतो. मिंबरवरून उधळपट्टीवर बोलणाऱ्याने हेही ध्यानात घ्यावे. मुलीचे कपडे शिवायला टाकाल, तेव्हा खिशाचे किती घेणार, एवढे शिंप्याला विचारून पाहा.