हुमणी, सूत्रकृमी आणि अहिंसा

जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या गुहांत जिनमूर्ती आहेत, आणि त्याच परभणी जिल्ह्यात हुमणी ही अळी उसाची मुळे कुरतडते. तिच्यावर रसायनाऐवजी कीड मारणारे सूत्रकृमी सोडले, तर हिंसा शेतकऱ्याची की कृमीची? हेटेरोरॅब्डायटिस हा सूत्रकृमी अळीच्या शरीरात शिरून आपल्या पोटातले जिवाणू सोडतो. स्टायनरनेमा हा दुसरा सूत्रकृमी स्वतःही विषारी प्रथिने स्रवतो. अळी साधारण दोन दिवसांत मरते. निसर्गातही हेच घडते म्हणून दोष नाही, हा युक्तिवाद मला पटत नाही. सोडणारा हात जाणता असतो.

मग रसायन आणि कृमी सारखेच? मुळीच नाही. जैन विचार गृहस्थाची हेतुपुरस्सर केलेली संकल्पी हिंसा आणि शेतीसारख्या व्यवसायात घडणारी उद्योगी हिंसा वेगळी मानतो आणि दुसरीला सवलत देतो. पण ही सवलत अटळ असेल तेवढ्यापुरतीच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. ती हिंसा पिकासाठी अटळ नव्हती. हे सूत्रकृमी माणसाला, गुराढोरांना अपाय करत नाहीत. कोणी म्हणेल, अळीला मरण तेच. खरे आहे; शिवाय हे कृमी इतर किड्यांनाही ग्रासू शकतात. म्हणूनच गरज नसताना कृमी सोडणेही मी गैर मानतो. आधी मुळाशी उकरून अळ्या मोजाव्यात.